मेंदीचे कुंपण

गेल्या रविवारी आमच्या पूर्वेकडील मेंदीच्या कुंपणाची छाटणी झाली. माळीबुवांनी दोरी ताणून कुंपणाचा माथा सरळ कापला, दोन्ही अंगांना कात्री फिरविली, खाली पडलेला पाला गोणीत भरला, आणि चार पावले मागे सरून आपल्या कामाकडे समाधानाने पाहिले. मग दरवेळेप्रमाणे मधल्या एका फटीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "साहेब, एवढ्या नांग्या भरून घ्या. दीड हाताचं तर काम. मग पलीकडचं मांजरसुद्धा दिसायचं नाही." मीही दरवेळेप्रमाणे 'पुढच्या मृगाला बघू' असे म्हणालो. माळीबुवा सभ्य गृहस्थ आहेत. प्राध्यापक म्हणजे अशीच काहीशी माणसे असावयाची, अशी समजूत करून घेऊन ते गोणी खांद्यावर टाकून निघून गेले.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या फटीकडे पाहत ओसरीवर बसून राहिलो. कुंपण लावून चार पावसाळे झाले. ते का लावले हे विचारणाऱ्यांना मी आजवर जे सांगत आलो ते खरे नाही, आणि फट का बुजवीत नाही हे मला आजवर कोणी विचारलेलेच नाही. या दोन्ही गोष्टी एकदा लिहून टाकाव्यात असे त्या दिवशी मनात आले.

आम्ही साताऱ्यास राहतो. आमच्या पूर्वेची जागा पंधरा वर्षे मोकळी होती. तिच्यात घाणेरी आणि तरवड यांचे राज्य होते, आणि त्या राज्याची आम्हांला कधी अडचण वाटली नाही. अडचण सुरू झाली ती तेथे घर झाल्यावर. बँकेत नोकरी करणारे एक तरुण गृहस्थ, त्यांची पत्नी आणि सहा-सात वर्षांची मुलगी असे ते सालस कुटुंब होते. पण त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या अंगणात उघडे. जिना चढताना त्यांना आमची तुळस, आमची वाळत घातलेली धुणी आणि बनियन घालून उत्तरपत्रिका तपाशीत बसलेले प्रस्तुत लेखक हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. "आता वाचनाला निवांतपणा उरला नाही, मेंदी लावावी म्हणतो," असे मी कॉलेजातल्या मित्रांना सांगितले, आणि त्यांनाही ते पटले. माणसाने दिलेले कारण त्याच्या पेशाला शोभण्यासारखे असले की लोक त्याच्या खोलात शिरत नाहीत.

खरे कारण माझी आई होती.

आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती, आणि तिची स्मृती दोन वर्षांपासून तिला सोडून चालली होती. प्रथम कालच्या गोष्टी गेल्या, मग गेल्या वर्षाच्या. मग एके दिवशी तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि पदर सावरीत विचारले, "मास्तर, आमचा बाळ अभ्यास करतो ना? त्याला मारू नका हो, तो भित्रा आहे." मी मास्तर होतो हे तिला आठवत होते. बाळही मीच होतो, हे मात्र हरवले होते. मी 'नाही मारणार' असे सांगितले. दुसरे काय सांगणार?

दिवेलागणीच्या आधीची वेळ वाईट असे. तेव्हा ती अंगणात येऊन बसे, केस मोकळे सोडी, आणि आपल्या माहेरच्या, केव्हाच निवर्तलेल्या माणसांशी मोठमोठ्याने बोले. कधी रडे, कधी 'मला घरी पोहोचवा' म्हणून फाटकाशी जाई. रस्त्याने जाणारे थबकत. एका संध्याकाळी माझ्याकडे बाहेरगावचे दोन पाहुणे आले होते. व्याख्यानाचा काही बेत होता. आई लुगडे अर्धवट नेसलेली अशी बाहेर आली आणि पाहुण्यांना विचारू लागली की, तुम्ही माणचे का? मी उठलो, तिचा दंड धरला आणि तिला आत नेले. नेले असे मी म्हणतो, पण जरुरीपेक्षा अधिक जोराने ओढले. वळताना मान वर गेली तेव्हा शेजारच्या खिडकीत ती लहान मुलगी उभी होती. तिने सगळे पाहिले होते.

त्याच आठवड्यात मी कुंपणाचा निश्चय केला.

पत्नीचे म्हणणे होते की विटांची भिंत घालावी, आठ दिवसांत काम होईल. तेवढा पैसा नसेल तर हिरवी जाळी मिळते, ती एका दुपारीत बांधून होते. मी दोन्ही सूचना नाकारल्या. मी इंग्रजी वाङ्‌मय शिकविणारा मनुष्य. कुंपण म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर हॉथॉर्नच्या फुललेल्या रांगा उभ्या राहतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावची सामाईक राने बंदिस्त झाली, तेव्हा अशा अनेक रांगा लागल्या आणि गरिबांची गुरे बाहेर राहिली, ही गोष्ट मी वर्गात सांगत असे. पण फुले काही तेवढ्याने कोमेजत नाहीत. शिवाय भिंत घातली असती तर शेजाऱ्यांना ती स्पष्ट कळली असती. झाडे लावली की लोक त्याला हौस म्हणतात. मला लपवावयाचे होतेच, पण आपण लपवीत आहोत हेही लपवावयाचे होते.

कोणते झाड, याचा विचार मग पुष्कळ झाला. घायपाताची पाती मुलांच्या डोळ्यांत जावयाची. शेर लावावा तर त्याचा चीक डोळ्यांना घातक. दुरंता शोभिवंत खरी, पण तिची पिवळी फळे विषारी असतात, आणि आई हाती येईल ते तोंडात घालू लागली होती. अखेर मेंदीवर येऊन थांबलो. वनस्पतिशास्त्रात तिला लॉसोनिया इनर्मिस म्हणतात. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र. मौज अशी की, म्हातारपणी या निःशस्त्र झुडपाच्या फांद्यांची टोके काट्यासारखी टोकदार होतात. तरीही आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तग धरणारे, कात्री सोसणारे आणि कोणास इजा न करणारे असे दुसरे झाड मला सुचले नाही.

ज्येष्ठात पूर्वेच्या कडेने चाळीस फूट लांब आणि दीड फूट खोल चर खणला. त्यात शेणखत आणि वाळवी लागू नये म्हणून निंबोळी पेंड घालून माती परत भरली. एका स्नेह्यांच्या मळ्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या शंभरावर काड्या आणल्या. दोन ओळी घ्यावयाच्या, ओळींत एक फूट अंतर ठेवावयाचे, काड्या नऊ-नऊ इंचांवर लावावयाच्या, आणि दुसऱ्या ओळीतली काडी पहिल्या ओळीतल्या दोन काड्यांच्या मधोमध यावी असे योजावयाचे. हे सर्व मी पुस्तकात वाचून कागदावर आकृतीसह काढले होते. मृगाची पहिली सर येऊन गेली आणि मी धोतराचा काचा मारून चिखलात बसलो.

आई ओसरीवर होती. थोड्या वेळाने ती उठून माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, डोळे खाली केलेत."

मला कळेना. तिने वाकून माझी एक काडी उपटली, तिच्यावरच्या अंकुराच्या जागा मला बोटाने दाखविल्या, काडी उलटी केली आणि मातीत खोचली. मी पहिल्या अकरा काड्या उलट्या लावल्या होत्या. ती खाली बसली. काडीच्या दोन हिश्शांहून अधिक भाग मातीत जाईल अशी ती खोचावयाची, अंगठ्याने भोवतालची माती घट्ट दाबावयाची, आणि पुढे सरकावयाचे. तिचे हात थांबत नव्हते. तिचे माहेर माण तालुक्यातले. पाऊस रुसलेला मुलूख तो. तिच्या वडिलांच्या मळ्याला शेराची वई होती, आणि लहानपणी ती दर पावसाळ्यात वईच्या नांग्या भरीत असे, हे मी पूर्वी केव्हातरी ऐकले होते. ज्या बाईला सकाळी जेवली की नाही हे आठवत नव्हते, तिने त्या दुपारी सत्तरएक काड्या लावल्या आणि त्यांतली एकही उलटी नव्हती. माझे नाव तिच्या डोक्यात राहिले नव्हते, पण वई तिच्या हातांत होती.

पंधरा दिवसांत डोळे फुटले. श्रावणात रोपे हातभर झाली, आणि मला वाटले, आता काय, दिवाळीपर्यंत आडोसा होईल. तेव्हा माळीबुवांचा आमच्या घरी प्रथम प्रवेश झाला. त्यांनी रोपांकडे पाहिले, कात्री काढली आणि मी हां हां म्हणेपर्यंत चार रोपे वीतभर उंचीवर छाटून टाकली. मी रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, वर जाऊ दिलंत तर वरच जाईल. खाली नुसत्या काठ्या राहतील आणि त्यांतून सगळं दिसेल. दाट हवं असेल तर बुटकं ठेवावं लागतं."

ही गोष्ट अगदी खरी आहे, आणि कुंपण लावणाऱ्या प्रत्येकाच्या ती जिवावर येते. शेंडा कापला म्हणजे त्याची वाढ थांबते आणि बुडाजवळचे निजलेले डोळे जागे होतात. एका फांदीच्या जागी दोन-तीन येतात. त्या हातभर झाल्या की पुन्हा कापावयाच्या. असे दोन वर्षे केले तर कुंपण जमिनीपासून भरते. खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवावयाचा, म्हणजे बुडाशी ऊन पोचते आणि पाने झडत नाहीत. थोडक्यात, ज्याला आडोसा हवा त्याने आधी दोन वर्षे उघड्यावर राहण्याची तयारी ठेवली पाहिजे. मला तर आडोसा आजच्या आज हवा होता, आणि माझ्या पदरी आले होते वीतभर उंचीचे एक हिरवे वळण.

त्या दोन वर्षांत जे घडावयाचे ते घडले.

आईला त्या रोपांचा ध्यास लागला. ती रोज संध्याकाळी खुरपे घेऊन त्यांच्यापाशी बसे. केस मोकळे सोडणे कमी झाले, फाटकाकडे जाणे कमी झाले. खुरपणी मात्र विलक्षण होती. चराच्या मध्यावर, जेथे ती नेहमी बसे, तेथल्या पाच-सहा काड्या ती मुळे फुटली की नाहीत हे पाहण्यासाठी रोज उपटी आणि पुन्हा लावी. अर्थात त्या मेल्या. मी पिशवीत वाढविलेली रोपे आणून त्या नांग्या भरल्या. तिने तीही उपटली. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी मी नाद सोडला.

त्या नांग्यांच्या पलीकडे शेजारची मुलगी येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी तिने विचारले, "आजी, तुम्ही काय करताय?" आई तिच्याकडे पाहतच राहिली, आणि तिचा चेहरा असा उजळला की तसा मी वर्षभरात पाहिला नव्हता. "आक्का," ती म्हणाली, "किती उशीर केलास गं!" आक्का म्हणजे आईची थोरली बहीण. तिला जाऊन पन्नास वर्षे झाली असतील. मी ओसरीवरून उठणार होतो, समजावून सांगणार होतो. पण त्या सात वर्षांच्या मुलीने क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हटले, "शाळा होती ना." त्या दिवसापासून ती आमच्या आईची थोरली बहीण झाली. आई तिला माहेरच्या विहिरीच्या, बैलांच्या आणि दुष्काळाच्या गोष्टी सांगे, आणि अर्धवट राहिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुढे ओढून काढी. तिच्या आईने खिडकीतून एकदा मला विचारले, "सर, आमच्या मुलीचा त्रास होत नाही ना?" त्रास! ज्यांच्या डोळ्यांपासून आईला लपवावे म्हणून मी चाळीस फूट चर खणला, त्यांना माझ्या आईला आपली मुलगी त्रास देत असेल याची चिंता होती.

याच सुमारास माझ्या हाती रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाचे २००१ साली प्रसिद्ध झालेले एक पुस्तक आले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरचा कर बुडू नये म्हणून हिंदुस्थानाच्या मधोमध एक जकातीची रेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास ती सिंधूपासून महानदीपर्यंत दोन हजारांवर मैल पसरली होती, आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहारा करीत होती. शेकडो मैलांपर्यंत ही रेषा म्हणजे एक जिवंत कुंपण होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर यांचे ते बनले होते, आणि जेथे ते चांगले जमले तेथे दहा ते चौदा फूट उंच झाले होते. १८६७ ते १८७० या काळात ते नेटाने वाढविणारा जकात आयुक्त होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम. त्या कुंपणालाही वाळवी लागे, वणवे लागत, आणि माणसे रात्रंदिवस नांग्या भरीत. १८७९ साली ही जकात-रेषा उठली. मॉक्सहॅम काही वर्षे त्या कुंपणाच्या शोधात हिंडला, तेव्हा त्याला मोठ्या प्रयासाने त्याचा एक लहानसा अवशेष सापडला.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि अंगणात पाहिले. कुंपणानेच शेत खाल्ले असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात लबाड राखणदार असतो. पण एखादे कुंपण मुळातच शेत खाण्यासाठी लाविले जाते. ते वाढविणारे सगळेच दुष्ट असतात असेही नाही. ह्यूमसारखा मनुष्यही ते कर्तव्य म्हणून नेटाने वाढवितो. मी मेंदीला खतपाणी घालीत होतो, तेही कर्तव्य म्हणूनच.

इंग्रजीतल्या 'प्रायव्हसी' या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही, अशी तक्रार मी वर्गात पुष्कळदा केली आहे. खासगीपणाला कचेरीचा वास येतो, आणि एकांत हा ऋषींचा. पण आमच्या घरात एक शब्द पूर्वापार होता, आणि तो मला ऐन वेळी आठवला नाही. तो म्हणजे आडोसा. वाऱ्यावर दिवा न्यावयाचा असला म्हणजे आई त्याला हाताचा आडोसा करी. तो वाऱ्यापासून असे, पाहणाऱ्यापासून नव्हे. दिवा दिसावा म्हणूनच तो आडोसा असे. आईला हवा होता तो असा आडोसा, आणि मी तिच्यासाठी वाढवीत होतो तो पडदा. त्यातही खरे सांगावयाचे तर तो पडदा तिच्यासाठी नव्हताच. ती कोणापुढे लाजत नव्हती. लाज माझी होती. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी माझ्या मातृभक्तीची धाव लोकांच्या नजरेपर्यंत होती. तेथे पोचली की ती माघारी वळे.

दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात आई गेली. शेवटचे चार दिवस ती कोणाशी बोलली नाही. आदल्या संध्याकाळी तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि अंगठ्याने माझा तळहात दाबला, काडीभोवतीची माती दाबावी तसा. त्याचा काही अर्थ होता असे मी म्हणत नाही.

कुंपण तेव्हा कमरेएवढे होते. पुढच्या पावसाळ्यात ते माझ्या खांद्याला लागले आणि असे दाट झाले की पलीकडचा दिवाही दिसेना. मला चार वर्षांपूर्वी जे हवे होते ते सर्व मिळाले. ओसरीवर निवांत वाचता येऊ लागले, आणि लपविण्याजोगे काही घरात उरले नाही. त्या वर्षी मी माळीबुवांना सांगून माथा छातीपर्यंत उतरविला. ते हळहळले. दोन वर्षे बुटके ठेवून दाट केलेले कुंपण उंच होण्याच्या वेळी पुन्हा कापावयाचे, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. आता उभे राहिले म्हणजे शेजाऱ्यांशी बोलता येते आणि बसले म्हणजे वाचता येते. एवढे अंतर मला पुरेसे वाटते.

फट मात्र तशीच आहे. शेजारची मुलगी आता अकरा वर्षांची झाली आहे. तिला ही फट सोयीची वाटते. संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीच्या फराळाचे ताट, निबंधाची वही हे सर्व तेथूनच येते-जाते. मध्यंतरी एकदा ती फटीपाशी उकिडवी बसून काही करीत होती. जवळ जाऊन पाहिले तर कडेच्या एका फांदीला मातीत वाकवून तिने वर दगड ठेवला होता. "आजी म्हणायच्या, अशी दाबली की मुळं फुटतात," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, "उपटून बघू का, फुटली का ते?"

मी म्हणालो, "बघ."